डोंगरकडा कुठं तोडायचा?

आता ‘डोंगरकडा’ घ्या. कळमनुरी तालुक्यातलं गाव. आपण म्हणतो डोंगर-कडा. परका माणूस वाचतो डोंगरक-डा. डोंगरही गेला, कडाही! ‘र’मधला अ बोलताना गळतो, कारण पहिला शब्द तिथं संपतो. समासाचा हा सांधा देवनागरी दाखवत नाही. डच लोकही लांब समास सलग लिहितात, पण ओळीअखेर तोडायची वेळ आली की सांधा पाहतात. आपल्या मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नसत. म्हणजे जमिनीच्या जुन्या कागदात ‘आखाडाबाळापूर’ मागच्या-पुढच्या शब्दांना चिकटूनच येणार. चुकीच्या जागी तोडलंत, तर शेत भलत्याच गावात जातं. म्हणून मोडी शिकणाऱ्यांना मी सांगतो, अक्षरं नंतर गिरवा, आधी तालुक्यातल्या गावांची नावं पाठ करा.