खराटा आणि हशा

आरोग्यावर व्याख्यान म्हटलं की आपल्याला हमखास जांभई येते. तोंड उघडतं आणि कान बंद होतात! ही अडचण गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) फार पूर्वी ओळखली होती. अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात आले की आधी रस्ते झाडायचे. आता पाहुणाच झाडतोय म्हटल्यावर यजमान किती वेळ ओट्यावर पान चघळत बसणार?

रात्री कीर्तन. त्यात निरूपण कमी, उलटतपासणी जास्त. बाबांनी वऱ्हाडी बोलीत साधा सवाल टाकायचा, उत्तर श्रोत्यांनीच द्यायचं. दारू, कर्ज काढून केलेली लग्नं, नवसाचं बकरं... सगळ्यांचा समाचार. माणसं पोट धरून हसायची आणि मग ध्यानात यायचं, अरे, आपण हसलो ते आपल्यालाच! ओरडा खाल्लेला माणूस पळवाट शोधतो. स्वतःला हसून बसलेल्याला ती उरत नाही.

पुढं २०००-०१ साली राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचंच नाव दिलं. चांगलंच केलं. पण नाव देणं सोपं असतं हो; खराटा ज्याचा त्यानंच उचलायचा असतो.