फेफऱ्याचा ठावठिकाणा

आमच्या वरणगावात कुणाला फेफरे आले, की नाकाशी चप्पल धरणारे, नाहीतर कांदा फोडणारे हात आजही पुढे येतात. दोन-तीन मिनिटांत झटका बहुधा आपणहून थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते! पुढे डॉक्टर ‘जळगावला जाऊन ईईजी काढून आणा’ म्हणाले, की घरात दुसरी धास्ती. डोक्याला तारा लावणार, म्हणजे करंट देणार! हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की या तपासणीचा इतिहासच सांगावा म्हणतो.

हे यंत्र करंट देत नाही. मेंदूत मुळातच असलेली वीज ते फक्त टिपते. ती किती? डोक्याच्या कातडीवर साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या एका सेलचा तीस हजारावा हिस्सा.

झटका मेंदूत कुठून उठतो, हे शोधण्याची पहिली वाट मात्र यंत्राविना सापडली. लंडनचे डॉ. ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी १८७० च्या सुमारास अंगठ्यापासून सुरू होऊन हातभर चढणारे झटके बारकाईने पाहिले आणि त्यांचे मूळ मेंदूच्या विरुद्ध बाजूला असते, हे मांडले. १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांना ससे व माकडांच्या मेंदूत वीज आढळली. माणसाच्या मेंदूतील वीज टिपली ती जर्मनीतील येना गावच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. तरुणपणी घोड्यावरून पडून ते थोडक्यात वाचले, आणि त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. बहिणीच्या मनाला दूरवर हे कळले कसे, या कोड्यापायी ते मेंदूकडे वळले. कोडे सुटले नाही. हाती लागला ईईजी. १९२९ मध्ये निबंध छापला, तरी जगाचा विश्वास बसायला आणखी पाच वर्षे गेली.

मग गाडी वेगात निघाली. १९३५ मध्ये बॉस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना, मूल क्षणभर हरवल्यासारखे बघते त्या झटक्यात सेकंदाला तीन अशा टोकदार लहरी दिसल्या. १९३६ मध्ये ग्रे वॉल्टर यांनी कवटी न उघडता मेंदूतील गाठीची जागा दाखवली.

हे कसे जमते? समजा, रात्री इंजिनाची शिट्टी झाली. भुसावळ, वरणगाव आणि बोदवड इथे एकेक माणूस कान देऊन उभा आहे. जिथे ती सर्वांत मोठी, तिथून इंजिन जवळ. डोक्यावरच्या २१ तारा अशाच कान देतात. शेजारशेजारच्या जोड्यांच्या रेघांची टोके जिथे एकमेकींकडे वळतात, तिथे मूळ असण्याचा संभव. पण वाऱ्याने आवाज भरकटावा, तशी कवटी ही वीज पसरवून टाकते. मेंदूचा सुमारे दहा चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटल्याशिवाय वर खूण उमटत नाही. म्हणून पहिल्या ईईजीत दोष दिसतो तो निम्म्याच रुग्णांत. ‘नॉर्मल’ रिपोर्ट आला म्हणून गोळ्या बंद करणे हा घातक शहाणपणा. जागरण करून या, जोरजोरात श्वास घ्या, असे सांगतात ते लपलेली खूण वर यावी म्हणून.

तारा कुठे लावायच्या याची जगभर चालणारी पद्धत १९५८ मध्ये माँट्रियलच्या हर्बर्ट जास्पर यांनी प्रसिद्ध केली. त्याच माँट्रियलला पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून डॉ. जेकब चंडी भारतात परतले. १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरला मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग उभारला आणि १९५२ मध्ये अपस्मारावर शस्त्रक्रियाही केली. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम नियमित सुरू झाले. गोळ्यांना न जुमानणारे फेफरे आणि त्याचे मूळ एका जागी, अशांसाठी हा मार्ग आहे.

कायद्याची गोष्ट निराळीच. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या पंक्तीला अपस्मारही बसवला. १९९९ मध्ये तो शब्द काढला गेला. मुलीचा रिपोर्ट ट्रंकेच्या तळाशी ठेवणारी घरे मात्र मी त्यानंतरही पाहिली आहेत.

तपासणीला जाताना डोके धुऊन जावे, तेल लावू नये. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. झटका प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सोबत न्यावा. आधी कोणता हात हलला, मान कुठल्या बाजूला वळली, हे डॉक्टर आजही पहिल्यांदा त्यालाच विचारतात.