कल्हई, डाग आणि बलुत्याबाहेरचे हात

आमच्या घरी वजूचा एक तांब्याचा लोटा आहे. पोटाला फुगीर, गळ्याशी निमुळता, बाजूला टोटी. आजीच्या लग्नात तो यवतमाळला आला, एवढेच घरात सांगितले जाते. साल कोणालाच आठवत नाही. पण टोटी जिथे पोटाला जोडली आहे तो भाग उजेडात धरला, तर लोट्याचे वय नाही तरी त्याचे आजार वाचता येतात. सर्वांत आत पिवळसर कडा आहे. ती मूळ घडवणाऱ्याने दिलेली पितळेची झाळ. तिच्यावर राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा थर आहे. तो कथील-शिशाचा डाग. तो निदान दोनदा तरी दिला गेला असावा, कारण दोन ठिकाणी रंग वेगळा आहे. टोटीचा लोटा नेहमी तिथेच मोडतो. उचलणारा कडीला धरण्याऐवजी टोटीला धरतो, आणि सांधा हलतो.

वऱ्हाडातील मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण अचलपूरच्या इमादशाहीपासून सुरुवात करतो, १८५३ च्या निजाम-इंग्रज तहावर येतो आणि तिथून थेट राजकारणात शिरतो. आम्हीही असेच लिहीत आलो. पण ज्या हातांनी हा लोटा तीनदा सांधला, ते हात या इतिहासात कुठे बसतात, हा प्रश्न आम्हाला उशिरा पडला. जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जात होता, मग यवतमाळ झाला, हे कागदावर आहे. जमीन, महसूल, कापूस, सागवान हेही कागदावर आहे. दुरुस्तीचा रकाना मात्र कोणत्याही सरकारी कागदात नसतो. नवे घडवणाऱ्याची थोडीबहुत नोंद होते. मोडलेले सांधणाऱ्याची होत नाही.

अपवाद आहे, आणि तो थेट बादशाही मुदपाकखान्यातला आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त स्वयंपाकघराचे नियम नोंदवले आहेत. बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई व्हायची, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. आणि फुटकी भांडी ठठेऱ्यांकडे देऊन त्यांची नवी करून घेतली जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका साम्राज्याच्या दफ्तरात कल्हईचे वेळापत्रक आहे, पण कल्हई करणाऱ्याचे नाव त्यात नाही.

कागद नसला तर शब्द पाहावेत. आमच्या मते या धंद्याचे खरे दफ्तर त्याच्या शब्दांतच आहे. ‘कल्हई’ हा अरबी ‘कलई’. मलायाच्या किनाऱ्यावर ‘कलह’ नावाचे बंदर होते, तिथून येणारे कथील ते कलई, असे अभ्यासक मानतात. ‘नवसागर’ हा फारसीतला नौशादर. ‘शिकलगार’ म्हणजे सैकल, अर्थात धार-चकाकी देणारा. ‘तेजाब’ आणि ‘फौलाद’ फारसी. ‘मिस्त्री’ मात्र पोर्तुगीजांकडून आला. ‘टाकणखार’ संस्कृत टंकणाचा. आणि भाता, ऐरण, सांडशी, कानस, झाळ, डाग हे अस्सल इथले. पुसद किंवा दिग्रसच्या बाजारात भट्टी मांडून बसलेला माणूस एका पातेल्यापुरत्या बोलण्यात अरबस्तान, इराण, मलाया आणि वऱ्हाड एकत्र करत होता. मराठी मुसलमानांची भाषा कोणती, यावर आपल्या परिसंवादांत तासन्‌तास बोलले जाते. त्या माणसाला कोणी विचारले नाही.

तो गावात यायचा ती पद्धत आमच्या वयाच्या बहुतेकांनी पाहिली आहे. खांद्यावर भाता, पिशवीत कोळसा, नवसागर, कथलाची पट्टी आणि कापसाचा बोळा. चौकात हातभर खड्डा खणून त्यात भात्याची नळी पुरायची आणि हाळी द्यायची. बायाबापड्या भांडी घेऊन जमायच्या.

“चाचा, येवढ्या भांड्यायले काय घेशीन?”

“जे देशीन ते दे माय. आंधी चिंचेनं घासून आन.”

चिंचेने, राखेने घासलेले भांडे भट्टीवर उलटसुलट फिरवायचे. ते पुरेसे तापले की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, मुले पळायची. तो धूर म्हणजे निव्वळ तमाशा नव्हे. तापलेल्या तांब्यावर हवेने जी काजळी धरते ती नवसागर खाऊन टाकतो, आणि उघड्या झालेल्या स्वच्छ धातूलाच कथील चिकटते. कथील २३२ अंशांना वितळते. पट्टी टेकवली की ते पाण्यासारखे पसरते. मग कापसाचा बोळा एका झटक्यात आतून फिरवायचा, आणि काळेकुट्ट पातेले आरशासारखे व्हायचे. आमच्या जिल्ह्याचा कापूस मँचेस्टरला गेला हे पुस्तकात आहे. तोच कापूस बोळा होऊन घरोघरच्या पातेल्यात फिरला, हे नाही.

कल्हईची गरज सगळ्यांनाच होती. तांब्या-पितळेत ताक, चिंच, आमसूल राहिले की अन्न कळकते, हे कोणत्याही धर्माची बाई जाणत होती. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनीही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली. फरक एवढाच, की हिंदू घरांत पितळ अधिक आणि आपल्या घरांत तांबे अधिक, असा सर्वसाधारण रिवाज होता. लग्नाच्या देगा, मोहरमच्या सरबताची भांडी, आर्णीला बाबा कंबलपोषांच्या उरुसातला लंगर, या सगळ्यांच्या आधी कल्हई यायची.

डाग देणे हे कल्हईचेच धाकटे भावंड, पण त्यात हात अधिक लागतो. गळकी बादली, फुटलेले नरसाळे, चिमणीची निखळलेली वात-नळी, घासलेटच्या रिकाम्या डब्याला लावायची मूठ, ही सारी कामे घराच्या ओट्यावर होत. लागते फार थोडे. लोखंडी दांड्याला बसवलेला तांब्याचा ठोकळा, कानस, शेगडी, कथील-शिशाची पट्टी आणि ‘मारलेला’ तेजाब. मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे टाकायचे; बॅटरीच्या जुन्या सेलचे कवच जस्ताचेच असते, ते चालते. उकळी थांबली की तेजाब मेला. हे काम उघड्यावर करायचे, कारण त्यातून निघणारा वायू पेट घेतो. सांधा कानशीने चकचकीत करायचा, मारलेला तेजाब कुंचल्याने लावायचा, तापलेला ठोकळा नवसागरावर घासून त्याला कथील पाजायचे आणि मग तो सांध्यावर धरायचा. नवशिका पट्टी ठोकळ्यावर वितळवून सांध्यावर थापतो. तो डाग आठवड्यात निघतो. जाणकार आधी भांडे तापवतो. भांड्याच्याच उष्णतेने पट्टी वितळली तर झाळ फटीत आपोआप ओढली जाते. साधारण दोन भाग कथिलाला एक भाग शिसे असे मिश्रण १८३ अंशांच्या आसपास सुटू लागते, म्हणजे निव्वळ कथलापेक्षाही लवकर. म्हणून शेगडी पुरते. पण हे शिसे पोटात जाऊ नये, म्हणून खाण्याच्या भांड्यात आतून फक्त कथील. काही जण पैसा वाचवायला कल्हईतही शिसे घालत. ती कल्हई निळसर दिसते आणि बोटाला काळे लागते. आजी बोट फिरवून पाहायची.

ज्यांना या कामात हलकेपणा वाटतो त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. पैगंबरांचा (स.) प्याला फुटला तेव्हा तडा चांदीच्या तारेने सांधला गेला, हे सहीह बुखारीत हजरत अनस यांच्या हवाल्याने आले आहे. आणि सूरह कहफमध्ये जुलकरनैन भिंत बांधतो ती कशी? लोखंडाचे ठोकळे रचून, भात्यांनी फुंकून लाल करून, त्यांवर वितळलेले तांबे ओतून. काही भाष्यकारांच्या मते शिसे. पत्रेवाल्याने हे वाचले तर त्याला अर्थ सांगावा लागणार नाही. हजरत दाऊदसाठी लोखंड मऊ केले गेले, म्हणून हिंदुस्थानातले मुस्लिम लोहार त्यांना आपल्या धंद्याचे आद्यपुरुष मानत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा कारागिरांसाठी छापल्या गेलेल्या उर्दू पुस्तिकांचा अभ्यास अमांडा लान्झिलो यांनी २०२४ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. उत्तरेकडे निदान एवढे झाले.

हे काम एकट्या मुसलमानांचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. तांबट, कासार, ओतारी, पांचाळ, घिसाडी सगळे यात होते; शिकलगारही शीख आणि मुसलमान दोन्ही आहेत. पण गावाच्या रचनेत एक भेद होता. लोहार बलुतेदार होता, सुगीला त्याचा वाटा ठरलेला असे. मुलाणीही बलुत्या-अलुत्यांच्या यादीत सापडतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ही व्यवस्था सविस्तर आली आहे, आणि फिरस्त्यांचाही विचार आहे, पण तो मुख्यतः गावावरचा भार म्हणून. कल्हईवाला बलुत्याबाहेर. त्याचा वाटा नाही, वतन नाही, म्हणून दप्तर नाही. पायलीभर ज्वारी किंवा रोख पैसा घेऊन तो पुढच्या गावी जाई. हक्काचा कागद नसणे म्हणजे इतिहास नसणे, हे आपल्या समाजाला इतर बाबतींतही भोगावे लागले आहे.

जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि तेलाची इंजिने आली तेव्हा याच हातांतले काही मिस्त्री झाले. इंजिनाची झडप गळू लागली की ती बैठकीवर कुरुंदाच्या पुडीने घासून बसवायची. हीच रीत अल-जजरीने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांच्या ग्रंथात दिली आहे. मिस्त्र्याने जजरी ऐकलाही नसेल. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते चालले. सत्तरहून अधिक वर्षे ते विलायती पोलादावर चालले असे म्हणणे आम्हाला पटत नाही. ते दुरुस्तीवर चालले.

मग धंदा बसला तो का? लोक आळशी झाले म्हणून नव्हे. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि कथलाचा दुष्काळ पडला, पण तो तात्पुरता. खरा घाव धातूने घातला. हिंदुस्थानात ॲल्युमिनियमची भांडी १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी प्रथम करवली, आणि पुढे ती गरिबाच्या चुलीपर्यंत पोचली. ॲल्युमिनियमवर हवेची एक चिवट साय सतत धरते. नवसागराला ती निघत नाही, म्हणून साधा डाग बसत नाही. मग स्टेनलेस स्टील आले. ते कळकत नाही, म्हणून कल्हईच नको. कारागिराचे कौशल्य तेच राहिले, पण हातात आलेला धातू त्याला जुमानेना. पुढच्या पिढीने विजेचे वेल्डिंग धरले, आणि ग्रिल, शटर, ट्रॅक्टरचे नांगर जोडू लागली.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा धंदे आहेत. लोहार आहे, कुलूप करणारा आहे, हातोडा आणि अवजारे करणारा आहे. कल्हईवाला नाही, पत्रेवाला नाही. आम्ही यादी दोनदा वाचली. बलुत्याच्या यादीत नव्हता तो, या यादीतही नाही.

लोट्याची टोटी मागच्या पावसाळ्यात पुन्हा हलली. डाग देणारा शोधला. भट्टी सोडून वर्षे झालेल्या एका म्हाताऱ्याने लोटा हातात घेतला, टोटी हलवून पाहिली आणि जुना डाग कोणी दिला असेल ते सांगितले. स्वतःच्या वडिलांचा हात त्याने ओळखला. पण साहित्य नव्हते. शेवटी आम्ही एम-सील आणले, दोन पुड्या मळल्या आणि सांध्याभोवती थापल्या. काळसर गोळा पिवळ्या आणि राखाडी थरांवर बसला आहे. अजून थेंब थेंब गळते.