‘नोव्हे टेरे’ची नव्वदी

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यांतील नुनीटन हें गांव इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस परिचित आहे तें जॉर्ज एलियटमुळें. ह्या थोर लेखिकेचा जन्म त्याच परिसरांत झाला. परंतु मार्च १९३६ मध्यें त्याच गांवांतून एक लहानसें मासिक निघालें, त्याची आठवण कादंबरीच्या अभ्यासकांस क्वचितच असते. टंकलिखित करून चक्रमुद्रणानें काढलेलीं थोडीं पानें, आणि वर भारदस्त लॅटिन नांव: ‘नोव्हे टेरे’, म्हणजे ‘नव्या भूमि’! मॉरिस हॅन्सन हा त्याचा संपादक. मार्च २०२६ मध्यें त्याच्या जन्मास नव्वद वर्षें पूर्ण होतात. विज्ञानकथांच्या वाचकांनीं निव्वळ हौसेखातर चालविलेल्या ब्रिटनमधील नियतकालिकांत पहिला मान त्यालाच दिला जातो.

ह्या हौसेचा उगम मात्र अमेरिकेंतला. ह्यूगो गर्न्सबॅक ह्यानें एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें मासिक सुरू केलें आणि वाचकांचीं पत्रें त्यांच्या संपूर्ण पत्त्यांसह छापण्याचा प्रघात पाडला. पत्ता छापणें ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक खरी. पण तिच्यामुळें संपादकास वगळून एका वाचकास दुसऱ्याशीं परस्पर पत्रव्यवहार करतां येऊं लागला. ज्या छंदापायीं घरींदारीं थट्टाच वांट्यास यावयाची, तोच छंद बाळगणारा दुसरा कोणी अमुक गांवीं, अमुक रस्त्यावर राहतो, हें त्या एकलकोंड्या तरुणांना प्रथमच कळलें. पुढें मे १९३० मध्यें अशाच एका पत्रव्यवहार-मंडळानें ‘द कॉमेट’ काढलें. ह्या जातीचें तें आद्य पत्र समजतात. १९३४ मध्यें गर्न्सबॅकनें ‘सायन्स फिक्शन लीग’ स्थापिली, तिच्या शाखा समुद्र ओलांडून इंग्लंडांतही निघाल्या, आणि नुनीटनच्या शाखेनें आपलें मुखपत्र काढलें तें हेंच.

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या हस्तलिखितांची ज्यांना आठवण आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें ह्या पत्राचें रूप सहज उभें राहील. फरक इतकाच कीं, हस्तलिखिताची प्रत एकच असते व ती हातोहात फिरते. ह्याच्या प्रती टपालानें जात. लेखकास मानधन नाहीं, संपादकास वेतन नाहीं!

३ जानेवारी १९३७ रोजीं लीड्स येथील थिऑसॉफिकल हॉलमध्यें ह्या मंडळींचें संमेलन भरलें. उपस्थिति विसांच्या आंतबाहेर. तेथें निघालेल्या ‘सायन्स फिक्शन असोसिएशन’नें ‘नोव्हे टेरे’ आपलें मुखपत्र केलें. हॅन्सनही लवकरच लंडनांत आला. १९३८ मध्यें ८८, ग्रेज इन रोड येथें आर्थर क्लार्क व विल्यम टेंपल ह्या दोघांनीं बिऱ्हाड केलें होतें, त्यांत तोही सामील झाला. क्लार्क त्या वेळीं सरकारी हिशेबतपासणी खात्यांत कारकून होता. हीच मंडळी ‘ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी’चे सभासद, चंद्रावर माणसें नेणाऱ्या यानाचा आराखडा त्या संस्थेनें १९३९ मध्यें प्रसिद्ध केला. ऑक्टोबर १९४५ मध्यें क्लार्कनें ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत कृत्रिम उपग्रहांच्या द्वारें संदेशवहन करण्याची कल्पना मांडली. ह्या सर्वांचें श्रेय चक्रमुद्रणाच्या शाईस देणें ही अतिशयोक्ति होईल. तथापि नवशिक्या लेखकास आपलें लिहिणें छापून पाहण्याची व सवंगड्यांकडून निर्दय टीका ऐकण्याची सोय अशा बिनमोबदल्याच्या पानांइतकी अन्यत्र कोठें मिळते?

जानेवारी १९३९ मध्यें एकोणतिसावा अंक काढून हॅन्सननें रजा घेतली. जॉन कार्नेल ह्यानें संपादकत्व पत्करलें आणि लॅटिन नांवाचें सरळ इंग्रजी केलें: ‘न्यू वर्ल्ड्स’. चार अंक निघाले, तोंच महायुद्ध सुरू झालें. त्याचें धंदेवाईक मासिक करण्याचा १९४० मधील बेत प्रकाशकच बुडाल्यानें फसला. १९४६ मध्यें पेंड्युलम पब्लिकेशन्सनें तें हातीं घेतलें, पण तीन अंकांनंतर त्या संस्थेचेंही दुकान उठलें.

मासिक बंद पडलें म्हणजे हळहळणारे वाचक सर्व देशांत असतात. खिशांत हात घालणारे थोडे. लंडनच्या फेटर लेनमधील ‘व्हाइट हॉर्स’ पानगृहांत दर गुरुवारीं सायंकाळीं जमणाऱ्या ह्या वाचक-लेखकांनीं मात्र स्वतःचें भांडवल घालून कंपनीच उभारली. तिच्या संचालकांत ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’चा पुढें प्रसिद्धीस आलेला लेखक जॉन विंडम होता. कंपनीचें नांव ‘नोव्हा पब्लिकेशन्स’; तें वाचून नुनीटनच्या जुन्या वर्गणीदारांस काय आठवलें असेल, हें निराळें सांगावयास नको. चौथा अंक १९४९ मध्यें बाहेर पडला. १९५६ मध्यें जे. जी. बॅलर्डच्या आरंभींच्या कथा ह्याच कार्नेलनें छापल्या. १४१ अंकांचें संपादन करून १९६४ मध्यें त्यानें सूत्रें सोडलीं, तीं तरुण मायकेल मूरकॉककडे गेलीं. आणि १९६७ मध्यें, वाचकांच्या वर्गणीवर जन्मलेल्या ह्या मासिकास ब्रिटनच्या आर्ट्‌स कौन्सिलनें सरकारी तिजोरींतून अनुदान मंजूर केलें.