चार गळ्यांचे गाणे, सहा तारांवर

गिटार म्हटली की आपल्याकडे अजूनही डोळ्यांपुढे येतो तो स्नेहसंमेलनातला एखादा केस वाढवलेला तरुण, नाही तर हिंदी चित्रपटातला सहलीचा प्रसंग. या वाद्याचा आणि देवाच्या गाण्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण इतिहास मोठा मिस्किल असतो. ज्या वाद्याला आपण चैनीचे समजतो, त्याच्या पूर्वजाने साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या थोरल्या चर्चमधली प्रार्थनागीते सामान्य घरच्या माजघरात आणून ठेवली होती. ती कशी, आणि ती आणताना वाटेत काय काय सोडून द्यावे लागले, याची हकीकत मला आज वाचकांना सांगायची आहे.

आधी एक अडचण समजावून घेतली पाहिजे. आपला अभंग घ्या किंवा बडा ख्याल घ्या; गाण्याचा धागा एकच असतो. टाळ, मृदंग, तंबोरा ही सारी त्या एका धाग्याच्या सेवेला उभी. म्हणूनच पंडित ब्रिजभूषण काब्रांसारख्या कलावंताने गिटार मांडीवर आडवी घेतली, तारेवर पोलादी कांडी फिरवली आणि तिला गळ्यासारखी गायला लावली. 1967 साली निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. पण पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय चर्चचे संगीत निराळ्या घडणीचे होते. तिथे चार गळे एकाच वेळी चार निरनिराळ्या चाली गात. कोणी कोणाची नुसती साथ करत नसे. चौघेही आपापल्या वाटेने जात आणि तरीही एकमेकांशी जुळून राहत. हे चार गळे एका माणसाच्या दहा बोटांत बसवायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

तो प्रश्न पहिल्यांदा नेटाने हाती घेतला स्पेनमधल्या व्हिह्वेला-वादकांनी. व्हिह्वेला म्हणजे दिसायला गिटारीची थोरली बहीण. कमरेशी निमुळते अंग, तातीच्या सहा जोडतारा, मानेवर पडदे. 1536 साली लुइस मिलानचे पुस्तक निघाले आणि 1576 साली एस्तेबान दासाचे. या चाळीस वर्षांत व्हिह्वेलासाठी अशी सात पुस्तके स्पेनमध्ये छापली गेली. त्यांतली लिपी मोठी सोयीची आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे ते. स्वरज्ञान थोडे कमी असले तरी चालेल, आकडा वाचता आला म्हणजे झाले. काही पुस्तकांत तर जी चाल गळ्याने गायची, तिचे आकडे तांबड्या शाईने छापलेले असत.

आता या पुस्तकांत होते काय? नाचाची गाणी होती, लावणीच्या जातीची प्रेमगीते होती. पण त्यांच्या मांडीला मांडी लावून प्रार्थनागीतेही होती. लुइस दे नार्वाएथ याने 1538 साली वाय्यादोलिद येथे छापलेल्या पुस्तकात ‘ओ ग्लोरिओसा दोमिना’ या मेरीमातेच्या स्तोत्रावर सहा निरनिराळे फेरे रचले आहेत. दिएगो पिसादोर याने 1552 साली सालामांकाला जे पुस्तक काढले, त्यात जोस्कँ दे प्रे या थोर रचनाकाराच्या आठ मासेस, म्हणजे संपूर्ण उपासना-संगीत, व्हिह्वेलावर उतरवून दिल्या आहेत. जोस्कँ 1521 मध्येच वारला होता. त्याचे गाणे ऐकायचे तर तयारीची गायकमंडळी हवी, आणि ती असायची मोठ्या चर्चमध्ये नाही तर राजदरबारी. तबकडी नाही, रेडिओ नाही. अशा काळी एखाद्या व्यापाऱ्याने किंवा वकिलाने रात्री दिव्यापाशी बसून ते आकडे वाचावेत आणि राजाच्या गायकांनी गायलेले गीत स्वतःच्या बोटांतून ऐकावे, ही गोष्ट लहान नव्हती. आपल्याकडे पोथी हातोहात उतरून घरोघर गेली, तसेच हे झाले.

या मंडळींत मला सर्वांत जवळचा वाटतो तो मिगेल दे फुएन्याना. हा अगदी लहानपणापासून अंध होता. 1554 साली सेविय्याला त्याचा ‘ओर्फेनिका लिरा’ हा ग्रंथ छापला गेला आणि तो त्याने राजपुत्र फिलिपला अर्पण केला. ज्याला कागदावरची रेघ दिसत नाही, त्याने चार-चार, पाच-पाच आवाजांच्या रचना कानाने उलगडाव्यात आणि पुन्हा सहा तारांवर गुंफाव्यात, याचे नवल कितीही केले तरी थोडेच.

पण फुएन्यानाचे मोठेपण केवळ स्मरणशक्तीत नाही. तारेचा आवाज गळ्यासारखा टिकत नाही. छेडला की विरू लागतो. चर्चमधला गायक जो स्वर चार मात्रा धरून ठेवतो, तो तारेवर दोन मात्रांतच दुबळा होतो. ही पोकळी भरायला त्या काळचे वादक मधे झरझर ताना घालत. ऐकणाऱ्यालाही बरे वाटे, आणि बोटांची तयारीही दिसे. फुएन्यानाने मात्र आपल्या ग्रंथात सांगून टाकले की, मूळ रचनेचे सत्य झाकून टाकणारी अशी नक्षी आपल्याला सरसकट मान्य नाही. रचनाकाराने जे स्वर लिहिले ते आधी नीट ऐकू येऊ द्या, असा त्याचा भाव. देवाच्या गाण्यापुढे वादकाने किती मिरवावे, या वादात एका अंध माणसाने दिलेला हा निर्वाळा मला आजही मोलाचा वाटतो.

मी स्वतः हौशी वादक. तरी असे एखादे गीत तारांवर बसवताना काय करावे लागते, ते थोडे सांगतो. उजव्या हाताची चारच बोटे तारा छेडतात, करंगळी रिकामी. म्हणजे एका क्षणी फार तर चार स्वर वेगवेगळे उचलता येणार. त्यांतही डाव्या हाताची बोटे पडद्यांवर पोहोचली पाहिजेत. मग निवड सुरू होते. वरची चाल सोडता येत नाही, कारण तीच लोकांच्या ओठांवर असते. खालचा मंद्र स्वर सोडता येत नाही, कारण त्याच्यावर सारी इमारत उभी. कात्री लागते ती मधल्या दोन गळ्यांना. जो स्वर दोघे गात असतील, तो एकदाच ठेवायचा. जो आधीपासून कानात घुमतो आहे, तो पुन्हा छेडायचा नाही. सगळे गीत अशा पट्टीत घ्यायचे की मोकळ्या तारा आपोआप मंद्राचे काम करतील. कधी सहावी तार एक स्वर उतरवूनही घ्यायची. एवढे नीट जमले की एक चमत्कार होतो. गाळलेला स्वरही ऐकणाऱ्याला ऐकू येतो. कान मागचे लक्षात ठेवतो, पुढचे ओळखतो आणि मधली जागा स्वतः भरतो. गाण्याचा काही भाग ऐकणाऱ्याच्या मनात वाजत असतो.

पुढे व्हिह्वेलाचे दिवस फिरले. 1611 साली कोव्हारूबियास या कोशकाराने खंतावून लिहिले की, व्हिह्वेला आता फारसे कोणी वाजवत नाही. गिटार मात्र इतकी सोपी झाली आहे की तबेल्यातला पोरगाही ती बडवतो. गिटारीला ‘हलके वाद्य’ हा शिक्का तेव्हापासूनचा. तरी देवाच्या दारातून ती अगदीच हद्दपार झाली नाही. 24 डिसेंबर 1818 रोजी साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी योसेफ मोर या धर्मगुरूची कविता आणि फ्रांझ ग्रूबर या शाळामास्तराची चाल मिळून ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत प्रथम गायले गेले, ते दोन गळे आणि एक गिटार यांवर! चर्चचा ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट नंतर रचलेली. पण गिटार होती हे पक्के. मोरच्या हातची जी प्रत 1995 साली उजेडात आली, तिच्यावरही गिटारीची साथ नोंदलेली आहे.

एकट्या गिटारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती स्पेनमध्येच. आन्तोनिओ दे तोरेस (1817–1892) या कारागिराने तिचे अंग मोठे केले, आवाज भरदार केला. फ्रान्सिस्को तारेगाने (1852–1909) बाखच्या रचना तिच्यावर उतरवल्या. त्याचा शिष्य एमिलिओ पुहोल याने नार्वाएथची पुस्तके 1945 साली पुन्हा छापून काढली आणि तुटलेला धागा जोडला. मधल्या काळात, 4 जून 1935 रोजी, आन्द्रेस सेगोव्हिया याने पॅरिसमध्ये बाखची व्हायोलिनवरची ‘शाकोन’ गिटारीवर वाजवली. हे काही प्रार्थनागीत नव्हे. पण त्या दिवसानंतर ‘गिटारीला हे पेलेल काय?’ हा प्रश्न विचारणे कठीण झाले.

मूळ गाण्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार वादकाला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बाखच्याच एका गीतात आहे. 1723 साली लाइप्झिगला त्याने जी 147 क्रमांकाची कँटाटा सिद्ध केली, तिच्यातले ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ आज जगभर गिटारीवर वाजते. पण त्यातली मूळ संथ चाल बाखची नाहीच! ती योहान शोप याची, 1642 सालची. बाखने तिच्याभोवती तीन-तीन स्वरांची वाहती माळ गुंफली. 1926 साली मायरा हेस या बाईंनी ते पियानोवर आणले. पुढे अमेरिकेच्या क्रिस्टोफर पार्केनिंगने ते गिटारीवर वाजवले. माळ वरच्या तारांवर, संथ चाल तिच्या पोटात आणि अंगठ्याखाली मंद्र. तीन शतके हे गीत हातोहात चालत आले आणि प्रत्येकाने ते आपल्या बेताच्या घरात बसवून घेतले. आपले अभंग तरी निराळे काय करतात? वारीतला गजर तोच घरच्या चिपळ्यांवर येतो आणि त्याचे देवपण कमी होत नाही.

हे सूर आपल्याला अगदीच परके नाहीत. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी आणि गायन शिकवीत. तिथूनच तयार झालेल्या कलावंतांनी पुढे मुंबईचे बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले.

दिवाळी सरली की दीड-दोन महिन्यांत नाताळ येतो. शेजारच्या घरातून एखाद्या गिटारीवर ‘सायलेंट नाइट’ ऐकू आले, तर वाचकांनी एवढेच करावे. वरची चाल क्षणभर सोडून अंगठ्याखालचा मंद्र ऐकावा, मग मधे जे वाजत नाही ते ऐकण्याचा यत्न करावा. मुलांनाही ऐकवावे. मोठ्यांपेक्षा त्यांच्या कानांना ते लवकर सापडते, असा माझा अनुभव आहे.