एका कडू भुकटीची गोष्ट

मंडळी, काही शोध वादावादीतून लागतात. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक भुकटी बाटलीत भरत होते. थोडी हवेत उडाली. त्यांचे सहकारी नोलर म्हणाले, तोंड कडू झालं. फॉक्स म्हणाले, मला तर काहीच लागत नाही. आणि भुकटीच्या जास्त जवळ तेच होते! शेवटी दोघांनी ती चाखून पाहिली. दोघंही खरं बोलत होते.

ही भुकटी म्हणजे फिनाइलथायोकार्बामाइड, थोडक्यात पीटीसी. फॉक्स यांनी मग ती इतरांना चाखायला दिली. काहींना जहर कडू लागली, काहींना अगदी बेचव. लवकरच स्नायडर आणि ब्लेक्सली या संशोधकांनी कुटुंबंच्या कुटुंबं तपासली आणि त्यांना मेंडेलचे वाटाणे आठवले. चव लागणं हा प्रभावी गुण, न लागणं हा अप्रभावी. म्हणजे आईवडील दोघांनाही चव लागत नसेल, तर मुलालाही लागू नये.

इथे आपण जरा थांबूया. डीएनए तपासणी नव्हती त्या काळात मुलाचं पितृत्व ठरवतानाही या चाचणीचा आधार घेतला गेला. पण स्नायडर यांच्या नोंदींतच थोडे अपवाद होते: चव न लागणाऱ्या जोडप्यांची चव लागणारी मुलं. शिवाय किती भुकटी घातली की कडू लागेल, हे माणसागणिक बदलतं, हे ब्लेक्सली यांनी तेव्हाच दाखवलं होतं. अपवाद मागे पडले, सुटसुटीत नियम पाठ्यपुस्तकांत राहिला. मानववंशशास्त्रज्ञही ही चाचणी घेऊन जगभर फिरले. आपल्याकडेही जातीजमातींच्या अशा पाहण्या झाल्या. चव न लागणारे कमीअधिक प्रमाणात जवळपास सगळीकडेच सापडले.

आता १९३९चा ऑगस्ट महिना. युद्ध तोंडावर आलेलं, आणि एडिनबरात आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरलेली. फिशर, फोर्ड आणि हक्सली हे तिघं मोठे शास्त्रज्ञ तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि त्यांनी चिंपांझींना पीटीसी घातलेलं साखरपाणी पाजलं. काहींनी तोंड वाकडं केलं, काही निवांत पीत राहिले. चव न लागणाऱ्यांचं प्रमाण जवळपास माणसांइतकंच! तिघांनी निष्कर्ष काढला की हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीपासूनचा असणार, आणि निसर्गाने तो मुद्दाम टिकवून धरला असणार.

हा निष्कर्ष साठेक वर्षं टिकला. २००३ साली सातव्या गुणसूत्रावरचा टीएएसटूआरथर्टीएट हा जनुक हाती आला. कडू ओळखणारी सुमारे २५ ग्राहकं आपल्याकडे आहेत. हा जनुक त्यांतलं एक घडवतो. माणसांत त्याची दोन रूपं फार आढळतात, आणि त्यांत तीन ठिकाणच्या अमिनो आम्लांचा फरक असतो. २००६ साली चिंपांझींचा जनुक तपासला गेला, तेव्हा तिथे भलतंच काही निघालं. प्रथिन जिथून वाचायला सुरुवात होते, तिथलंच एक अक्षर बदललेलं! म्हणजे दोघांनाही चव लागत नाही, पण कारणं निरनिराळी आणि स्वतंत्रपणे घडलेली. फिशर यांचं निरीक्षण बरोबर होतं. त्यातून लावलेलं नातं चुकलं.

तुमच्यातले काही विचारतील, मग कारलं आवडत नाही त्याचं कारण हेच का? तर नाही. पीटीसीशी रचनेने जवळची द्रव्यं कोबी, नवलकोल, मोहरी यांच्या कुळात असतात, कारल्याची वेगळी.

वर्गात आजही पीटीसीच्या कागदी पट्ट्या वाटल्या जातात. जरूर वाटाव्यात. पण एखादं मूल घरी जाऊन म्हणालं, आईबाबांना काहीच लागत नाही, मला मात्र कडू लागलं, तर संशय त्या जुन्या सुटसुटीत नियमावर घ्यावा, घरातल्या माणसांवर नव्हे.