ग्रीनहाऊसमधला पाहुणा

आमचा भाचा आणि त्याचे तीन मित्र प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असे भटकून आले आणि हॉटेलात जवळजवळ राहिलेच नाहीत. इंटरनेटवर ओळख काढायची, पत्ता शोधत दारात जाऊन उभं राहायचं, आणि घरमालक दाखवेल त्या खोलीत पथारी पसरायची. याला काउचसर्फिंग म्हणतात हे मला त्यानेच सांगितलं. घरातल्या मोठ्यांचे प्रश्न मात्र दोनच होते. आत्या म्हणाली, "खाण्याचे हाल झाले का रे?" आणि काका म्हणाले, "माणसं कशी होती?"

प्रश्न साधेच आहेत. पण ते ऐकताना मला १७८१ सालचा एक प्रवास आठवला. तीन माणसं, दोन धर्म, एक काम, आणि इंग्लंडमध्ये एका गृहस्थाच्या घरी मुक्काम. मी राहतो त्या खडकीशी या प्रवासाचा जवळचा संबंध आहे, म्हणून तो लिहून ठेवतो आहे.

खडकी म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातलं एकच वाक्य आठवतं : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा इथे इंग्रजांनी पराभव केला. पण हे प्रकरण सुरू झालं ते त्याच्या वडिलांपासून, म्हणजे राघोबादादांपासून. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबा गादीवर बसले, आणि बारभाईंनी त्यांना टिकू दिलं नाही. मग घरातलं भांडण मिटवायला त्यांनी परक्यांना हाक मारली. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. मुंबईकर इंग्रज राघोबांना गादीवर बसवायला निघाले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला. मुंबईवाल्यांच्या हातून काम होत नाही म्हटल्यावर राघोबांनी थेट विलायतेला वकील पाठवले.

हे वकील म्हणजे हनुमंतराव नावाचे ब्राह्मण, आणि त्यांच्याबरोबर मणियार रतनजी नावाचे पारशी व त्यांचा मुलगा कर्सेटजी. आता जरा कल्पना करा. पारशी बापलेकांचं एक वेळ निभेल. पण ज्याला दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नाही, पाणी आपलं आपण भरावं लागतं, स्नानसंध्या चुकवता येत नाही, त्या माणसाने १७८१ च्या लंडनमध्ये राहायचं कुठे आणि जेवायचं काय? आमच्या आत्याचा प्रश्न इथे अगदी जिवावरचा होता. हनुमंतरावांचे सुरुवातीला फार हाल झाले.

ही गोष्ट एडमंड बर्क यांच्या कानावर गेली. बर्क म्हणजे पार्लमेंटातले गाजलेले वक्ते. पुढे १७८८ पासून वॉरन हेस्टिंग्जवर जो खटला चालला, त्यातले मुख्य आरोपकर्ते. लंडनपासून साधारण २५ मैलांवर बीकन्सफील्डला त्यांचं घर होतं. तिथे त्यांनी या मंडळींना नेलं आणि आपलं ग्रीनहाऊस रिकामं करून दिलं. थंडीच्या देशात नाजूक झाडं जपण्यासाठी बांधलेली ही इमारत. त्यात हनुमंतरावांचा सवता संसार मांडला गेला. स्वयंपाक आपला, स्नान आपलं, सोवळं आपलं.

यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की बर्कने पाहुण्याला आपल्या जेवणाच्या टेबलावर बसवण्याचा आग्रह धरला नाही. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे आग्रह. अजून एक पोळी, थोडा तरी भात, आमच्या हातचं आवडलं नाही का... त्याने नेमकं उलटं केलं. पाहुण्याचा नियम त्याला बहुधा विचित्रच वाटत असणार. पण तो पाळायला लागेल तेवढी जागा त्याने काढून दिली आणि बाजूला झाला. हे जास्त अवघड आहे असं मला वाटतं.

मंडळी परत निघाली तेव्हा बर्कने राघोबादादांना पत्र लिहिलं. हनुमंतरावांना आधी जो त्रास झाला तो आमच्या देशाच्या अज्ञानामुळे झाला, दुष्टपणामुळे नव्हे, असं त्यात आहे. वकिलांच्या निष्ठेची तारीफ आहे. आणि शेवटी, पुढे कधी असा कुणी हिंदू गृहस्थ पाठवायचा झाला तर आधी कळवा, म्हणजे नीट सोय करता येईल, अशा अर्थाचा मजकूर आहे. अगदी घरगुती वाक्य! आपणही पाहुण्याला जाताना हेच सांगतो : पुढच्या वेळी आधी फोन करून या.

आता परतीची गंमत ऐका. ही हकीकत कंपनीच्या नोकरीतला अधिकारी फ्रान्सिस विल्फर्ड याने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात दिली आहे. (तो दोन ब्राह्मण म्हणतो, बर्कच्या पत्रात एकच आहे. विल्फर्डच्या लिखाणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे तेव्हाच्याच विद्वानांना कळलं होतं, तेव्हा तपशील बेताने घ्यावेत.) तो सांगतो की वकील जाताना सुएझपर्यंत समुद्राने गेले आणि येताना इराणमार्गे आले. घरी आल्यावर त्यांना वाळीत टाकलं. म्लेंच्छांच्या देशात राहून धर्म पाळणं शक्यच नाही, आणि शिवाय हे अटक ओलांडून आले, असे दोन आरोप.

अटक! १७५८ साली ज्या राघोबादादांच्या स्वारीने मराठ्यांचे झेंडे अटकेपार लावले, त्याच दादांच्या वकिलांना अटक ओलांडली म्हणून जातीबाहेर काढलं. आपण आजही 'अटकेपार' हा शब्द छाती फुगवून वापरतो. झेंडा गेला तर पराक्रम, आणि एकटा माणूस निरोप घेऊन गेला तर पाप.

शेवटी ठिकठिकाणच्या पंडितांची सभा भरली. देशाच्या कामासाठी गेले होते आणि माणसं चारित्र्याने चांगली आहेत, म्हणून त्यांना नवा जन्म घेता येईल असा निर्णय झाला. राघोबांनी शुद्ध सोन्याची योनी घडवली, वकील तिच्यातून बाहेर आले, पुन्हा मुंज झाली, भरपूर दानदक्षिणा वाटली गेली आणि मग ते पंक्तीत बसले. म्हणजे परक्या देशात राहायला एक ग्रीनहाऊस पुरलं, आणि आपल्या घरी परत यायला सोन्याचं दार लागलं.

आणि ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं काय झालं? काही नाही. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडला, सवाई माधवरावांना पेशवे मानलं आणि राघोबांच्या वाट्याला नुसती नेमणूक आली. १७८३ च्या डिसेंबरात ते कोपरगावला वारले. बर्कने हनुमंतरावांना जागा दिली, पण त्याच्या सरकारने हनुमंतरावांच्या धन्याला दिली नाही.

तेव्हा बाजीराव आठ वर्षांचा होता. त्यानेही पुढे वडिलांचीच वाट धरली. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १८११ पासून एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट म्हणून मुळा-मुठेच्या संगमावर राहत होता. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतलेली होती, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला एल्फिन्स्टन संगम सोडून नदीपलीकडून खडकीच्या छावणीकडे गेला. त्याच्या मागे रेसिडेन्सी जाळली गेली, त्यात त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली. दुपारी बापू गोखल्यांचे स्वार आणि कर्नल बरची पलटणं खडकी आणि गणेशखिंडीमधल्या मैदानावर भिडली. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. इंग्रजांचे शिपाई जेमतेम २८०० होते. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण लागलं.

बीकन्सफील्डच्या ग्रीनहाऊसमधली चूल आणि संगमावर जळलेली पुस्तकं, या दोन्हींमध्ये फक्त ३६ वर्षांचं अंतर आहे. यावर दोन सोपे निष्कर्ष निघतात. एक, की इंग्रजांचा चांगुलपणा म्हणजे निव्वळ नाटक. दुसरा, की बर्कसारखी माणसं होती म्हणजे त्यांचं राज्य काही वाईट नव्हतं. मला दोन्ही पटत नाहीत. पाहुणचार माणसं करतात, राज्यं करत नाहीत. राज्यं वकील ठेवून घेतात, आणि वकिलाचा उपयोग संपला की त्याच्या चुलीची चौकशी करत नाहीत. बर्कने हनुमंतरावांसाठी जे केलं ते खरं होतं, आणि खडकीला जे झालं तेही खरं होतं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

म्हणून काकांच्या प्रश्नाला, "माणसं कशी होती?", हनुमंतराव "चांगली होती" असं उत्तर देऊ शकले असते आणि ते खोटं ठरलं नसतं. दादांनी विचारायचा प्रश्न वेगळा होता : "त्यांचं सरकार कसं आहे?" तो त्यांनी विचारला असता आणि मुलालाही शिकवला असता, तर खडकीच्या मैदानावर काय झालं असतं कोण जाणे. असो.